बुटुक खणात अडकला

एक होती उंदरीण. तिचं नाव चिटी. चिटीला एकच पिल्लू. त्याचं नाव बुटुक.

रावजी मेस्त्री होते सुतार. त्यांच्याच कारखान्यात, कोपऱ्यात, चिटीचं बीळ.

मेस्त्री टेबल करत होते. गावच्या डाकबंगल्यात एक जुनं टेबल होतं, हुबेहूब तस्संच! जाड जाड पाय. खाली रुंद फळी. मधे एक खण. आणि खिळा? एकसुद्धा नाही! जुन्याला नाही, म्हणून नव्यालाही नाही. लाकडात लाकूड बसवायचं, वरून लाकडाचीच खुंटी मारायची.

खणात पडल्या होत्या लाकडाच्या मऊ मऊ ढलप्या. चिटी गेली दाणा आणायला. बुटुक गेला ढलप्यांत लोळायला. तेवढ्यात मेस्त्रींनी खण सरकवला. टक्क!

चिटी आली. बिळात बुटुक नाही. फळीखाली बुटुक नाही. इतक्यात खणातून आवाज आला, "चीं चीं चीं!"

अगं बाई! बुटुक खणात!

तुरु तुरु तुरु, चिटी गेली मेस्त्रींकडे.

"मेस्त्रीकाका, मेस्त्रीकाका, खण उघडा! बुटुक माझा बाहेर येईना!"

"कुठला बुटुक? नवं लाकूड असंच चीं चीं करतं."

"लाकूड नाही हो, लेकरू आहे माझं!"

मेस्त्रींनी खणाला कान लावला. "खरंच की! पण मी पडलो अडकून. खुंटी बसली नाही, टेबलाचा पाय निसटतोय. दोन्ही हातांनी धरलाय बघ. सोडला तर टेबल कोसळेल, बुटुकसकट! खुंटी भोकात शिरेल, तर मी हात सोडेन."

तुरु तुरु तुरु, चिटी गेली खुंटीकडे.

"खुंटीताई, खुंटीताई, भोकात शिर! मेस्त्री हात सोडेना, बुटुक माझा बाहेर येईना!"

"कशी शिरू गं? मी जाडी, भोक बारीक. घुसले तर लाकूड तडकेल. पटाशी मला तासेल, तर मी शिरेन."

खणातून आवाज आला, "चीं चीं."

तुरु तुरु तुरु, चिटी गेली पटाशीकडे.

"पटाशीबाई, पटाशीबाई, खुंटी तास! खुंटी भोकात शिरेना, मेस्त्री हात सोडेना, बुटुक माझा बाहेर येईना!"

"मी कसली तासते? आज माझ्याने लोणीसुद्धा कापवत नाही. दगड मला धार लावेल, तर मी तासेन."

तुरु तुरु तुरु, चिटी गेली धारेच्या दगडाकडे.

"दगडोबा, दगडोबा, धार लावा! पटाशी खुंटी तासेना, खुंटी भोकात शिरेना, मेस्त्री हात सोडेना, बुटुक माझा बाहेर येईना!"

"कोरड्यानं धार लागते होय? खडखडीत वाळलोय मी. माठ मला पाणी देईल, तर मी धार लावेन."

खणातून आवाज आला, "चीं." एवढासाच.

तुरु तुरु तुरु, चिटी गेली माठाकडे.

"माठमामा, माठमामा, पाणी द्या! दगड धार लावेना, पटाशी खुंटी तासेना, खुंटी भोकात शिरेना, मेस्त्री हात सोडेना, बुटुक माझा बाहेर येईना!"

"देतो की, बाई! पण हळू बोल. वर बघ. झाकणावर कोण बसलंय? तो उठेल, तर मी पाणी देईन."

चिटीने वर बघितलं. झाकणावर होता... बोका! भला मोठा बोका!

पळावं का? पण बुटुक?

"बोकोबा, बोकोबा, उठा! माठ पाणी देईना, दगड धार लावेना, पटाशी खुंटी तासेना, खुंटी भोकात शिरेना, मेस्त्री हात सोडेना, बुटुक माझा बाहेर येईना!"

बोक्याने मिश्या चाटल्या. "झालं तुझं रडगाणं? मी नाही उठत जा! इथे छान गार आहे. आणि जेवण पायांनी चालत आलंय!"

"चिटे, हात भरून आले गं!" मेस्त्री ओरडले. टेबल वाजलं, कर्रर्र.

आणि खणातून? काही आवाज नाही. काहीच नाही.

चिटी एक पाऊल पुढे आली. आणखी एक पाऊल.

"जेवण हवंय ना? मग उतर खाली, आळश्या! ये!"

बोक्याने घेतली झेप! चिटी शिरली माठाच्या तिवईखाली. सुळकन!

झाकण पडलं, खण्ण! माठ कलंडला, डुग डुग डुग! पाणी सांडलं, भस्सकन! बोका झाला चिंब. शेपटी फुगवून पळाला, तो थेट रस्त्यावर!

मग काय!

माठाने पाणी दिलं, भळ भळ भळ.
दगडाने धार लावली, घस घस घस.
पटाशीने खुंटी तासली, सर्र सर्र सर्र.
खुंटी भोकात शिरली, ठक ठक ठक!
टेबल उभं राहिलं, टण्ण! हलेना की डुलेना.

मेस्त्रींनी हात सोडले. हळूच खण ओढला. सर्रर्र...

आत ढलप्याच ढलप्या. काही हलेना.

"बुटुक?" चिटी म्हणाली. "माझ्या सोन्या?"

एक ढलपी हलली. खालून आलं एक नाक. मग दोन कान.

"आई, किती उशीर! ओरडून ओरडून मला झोपच लागली."

चिटीने त्याला असं घट्ट धरलं, असं घट्ट धरलं! बुटुक म्हणाला, "आई, सोड ना." चिटी म्हणाली, "नाही सोडत जा!"

बुटुक त्याच्या आईच्या कुशीत. तुम्ही तुमच्या.