वसूने वाट सोडली नाही

सूर्याच्या गावात वसू नावाची एक दगडामातीची पोर राहत होती. गाव नुकतंच कुठे वसत होतं. जिकडे पाहावं तिकडे धूळ, खडे आणि धोंडे, आणि सगळे सूर्याभोवती फेऱ्या घालणारे. गावाचा रिवाज एकच. आपापल्या वाटेने फिरायचं. वाट सोडली की ती गेली, परत मिळायची नाही.

शेजारच्या वाटेवर चिकणी नावाची तशीच एक पोर होती. आपल्या अंगावर एक ओरखडा नाही, याचा तिला कोण अभिमान! धोंडा येताना दिसला की ती अलगद बाजूला व्हायची आणि दुसरीच वाट धरायची. वसूला हे काही जमलं नाही. येईल तो धोंडा ती अंगावर घ्यायची, कळवळायची, तापून लाल व्हायची आणि पुढे चालू लागायची. आलेला धोंडा मात्र ती परत देत नसे. तो तिचाच होऊन जाई. गाव तिची कीव करी. पोर वाढते आहे, हे कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं.

त्याच गावात दांडगोबा नावाचा एक आडदांड गोळा होता. उंचीला वसूच्या निम्मा, पण मस्ती दुप्पट. एके दिवशी तो नेमका वसूच्या वाटेवर घुसला आणि म्हणाला, "बाजूला हो, नाहीतर चुरा करीन."

चिकणीने लांबूनच समजावलं, "अगं, सर की जरा. तोंड फुटेल तुझं."

वसू घाबरली होती. पण वाट गेली तर आपण कुठल्या, हेही तिला कळत होतं. ती म्हणाली, "फुटू दे. वाट माझी आहे."

टक्कर झाली. वसू पार वितळली. तिच्या अंगाचे तुकडे आभाळभर उडाले. पोर संपली म्हणून गावाने मान फिरवली, तरी वसू चालतच होती. उडालेले तुकडे तिला सोडून गेले नाहीत. ते तिच्याभोवती फिरता फिरता एक झाले आणि त्यांचा चंद्र झाला. धोंडे पुढेही येतच राहिले. त्यांतल्या काहींच्या पोटात पाणी होतं. वसूने तेही ठेवून घेतलं, आणि तिच्या खोलगट भागांत समुद्र साचले.

इकडे वाटा बदलता बदलता चिकणीला स्वतःची वाटच उरली नाही. ती दूर खड्यांच्या गर्दीत जाऊन पडली, होती तेवढीच. पुष्कळ काळाने भटकत भटकत ती वसूजवळून चालली होती. तिने विचारलं, "काय गं, तो दांडगोबा गेला कुठे?"

"जाणार कुठे? त्याचं लोखंड माझ्या पोटात आहे. त्याच्याच बळावर चालते मी."

चिकणीने वसूच्या अंगावर आता उगवलेलं हिरवं गवत पाहिलं. मग समोरून एक खडा आला, आणि ती सवयीने बाजूला झाली.

तात्पर्य: घाव चुकवत पळणारा होता तेवढाच राहतो. आपली वाट न सोडता जो घाव पचवतो, त्याला घाव घालणाऱ्याचंही बळ मिळतं.