पिटकीचा लाल तुरा

एक होतं खुराडं. खरं म्हणजे दोन होती. एक खाली, एक वर.

वरच्या खुराड्यात कोंबडे. ते रात्रभर भांडत. कशावरून, ते त्यांनाही माहीत नसे. खालच्या खुराड्यात कोंबड्या. तिथं ऊब होती. तिथं आई होती.

पिटकी रोज आईच्या डाव्या पंखाखाली निजायची. ती जागा तिचीच.

पण आता पिल्लं मोठी झाली. हौसाकाकू म्हणाली, "आजपासून कोंबडे वर, तलंगा खाली."

तलंग म्हणजे कोंबडीची वाढती पोर. पिटकी तलंगच होती. काळजी नव्हती.

पण त्याच दिवशी काकूनं ओट्याला गेरू लावला. लाल लाल गेरू. वाटीत काय आहे? पिटकीनं डोकं घातलं. डुबुक!

तुरा लालेलाल.

संध्याकाळी काकू दारात बसली. एकेक पिल्लू धरलं. तुरा फिकट? जा खाली. तुरा लाल? जा वर.

पिटकी आली.

"लाल तुरा! कोंबडा आहेस रे तू. जा वर."

"काकू, मी तलंग आहे. माझे पाय बघ, बारीक आहेत. कोंबड्याचे जाड असतात. मानेची पिसं बघ, गोल आहेत. कोंबड्याची टोकदार असतात."

"इतकं कोण बघत बसणार? माझी कंबर दुखते. मी तुरा बघते."

"तुऱ्याला गेरू लागलाय."

"मग धुऊन ये. दिवा लागला की मी दार लावणार."

गेली पिटकीची जागा!

पिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली हौदापाशी. हौदापुढं म्हैस बसलेली. ही एवढी म्हैस! हौद दिसेचना.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, ऊठ ना जरा.
तुरा धुतल्याशिवाय काकू घेईना,
म्हैस उठल्याशिवाय पाणी मिळेना,
आईपाशी मी निजू कशी?"

म्हैस म्हणाली, "हं… आत्ताच तर बसले. सकाळी. कडबा आला की उठेन."

"हुश्श!" म्हणाली पिटकी.

तुरुतुरु, तुरुतुरु. आली कडब्यापाशी. कडब्यावर शेळी बसलेली. अगदी वर, टोकावर.

"शेळीताई, शेळीताई, उतर ना खाली.
तुरा धुतल्याशिवाय काकू घेईना,
म्हैस उठल्याशिवाय पाणी मिळेना,
कडबा आल्याशिवाय म्हैस उठेना,
शेळी उतरल्याशिवाय कडबा येईना,
आईपाशी मी निजू कशी?"

शेळी म्हणाली, "बेंऽऽ! खाली कुत्रा आहे. तो हलला की उतरेन. मला काय हौस आहे इथं बसायची?"

"हुश्श! हुश्श!" म्हणाली पिटकी.

तुरुतुरु… तुरुतुरु… आली कुत्र्यापाशी. कुत्र्याचं नाव खंड्या. खंड्या आडवा पडलेला. घर राखत होता म्हणे.

"खंड्यादादा, खंड्यादादा, हल ना जरा.
तुरा धुतल्याशिवाय काकू घेईना,
म्हैस उठल्याशिवाय पाणी मिळेना,
कडबा आल्याशिवाय म्हैस उठेना,
शेळी उतरल्याशिवाय कडबा येईना,
कुत्रा हलल्याशिवाय शेळी उतरेना,
आईपाशी मी निजू कशी?"

खंड्यानं एक डोळा उघडला. दुसरा कशाला उघडायचा?

"माझ्या कानावर माशी आहे. ती आधी बसली, मी नंतर आडवा झालो. ती आधी उडेल, मग मी हलेन. रीत आहे तशी."

"हुश्श! हुश्श! हुश्श!" म्हणाली पिटकी.

आता तुरुतुरु जायचं नव्हतं. माशी तिथंच होती. तेवढंच बरं. पिटकीचे पाय दुखत होते. बारीक पाय ते!

"माशीबाई, माशीबाई, उड ना जरा.
तुरा धुतल्याशिवाय काकू घेईना,
म्हैस उठल्याशिवाय पाणी मिळेना,
कडबा आल्याशिवाय म्हैस उठेना,
शेळी उतरल्याशिवाय कडबा येईना,
कुत्रा हलल्याशिवाय शेळी उतरेना,
माशी उडाल्याशिवाय कुत्रा हलेना,
आईपाशी मी निजू कशी?"

माशी म्हणाली, "दिवसभर भुणभुण केली. दमले. कुणी उडवलं तर उडेन."

"कोण उडवील?"

"ते तू बघ."

पिटकीनं इकडं पाहिलं. कुणी नाही. तिकडं पाहिलं. कुणी नाही. ऊन ओट्यावरून उतरलं होतं. काकू काडेपेटी शोधत होती.

विचारायला आता कुणीच उरलं नव्हतं. होती एक चोच. ती पिटकीचीच होती.

टच्!

माशी उडाली. भुर्रर्र!
माशी उडाली, कुत्रा हलला. "आईगं, माझा कान!"
कुत्रा हलला, शेळी उतरली. टणाटण!
शेळी उतरली, कडबा आला. एक पेंढी गडगडत थेट म्हशीपुढं! गडगड गडगड!
कडबा आला, म्हैस उठली. हंऽऽ… हंऽऽ… हुप्प!
म्हैस उठली, पाणी मिळालं. चुबुक चुबुक!
पाणी मिळालं, तुरा धुतला. गेरू गेला. राहिला एवढासा फिकट तुरा.

पिटकी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

काकूच्या हातात काडी. काकूच्या दुसऱ्या हातात दार.

"थांब काकू! तुरा बघ!"

काकूनं तुरा पाहिला. फिकट. मग पाय पाहिले. बारीक. मग मानेची पिसं पाहिली. गोल गोल.

"अगं बाई! तू तर तलंग! मग आधी नाही का सांगायचं?"

पिटकीनं काकूकडं पाहिलं. काकूच्या नाकाला गेरू लागला होता.

"काकू, तुझं नाक लाल आहे. तू कोंबडा आहेस का गं?"

काकूनं नाक पुसलं. बोटाकडं पाहिलं. मग इतकी हसली, इतकी हसली, की काडी विझली. दुसरी शोधावी लागली.

पिटकी आत शिरली. आईनं तुरा पाहिला नाही. पाय पाहिले नाहीत. पिसं पाहिली नाहीत. डावा पंख तेवढा उचलला.

"किती गं उशीर!"

पिटकीला सगळं सांगायचं होतं.

"आई, तुरा धुतल्याशिवाय काकू घेईना, म्हैस उठल्या… शिवाय… पा…"

आणि निजली.

वर कोंबडे भांडत होते. खाली कुणी ऐकत नव्हतं. पिटकी दमली, काकू दमली, गोष्ट वाचणारंही दमलं.

आता तू मीट डोळे.