दूर बसलेला ठिपका

"चाळीस ठिपक्यांतला एक गेला म्हणून रान बुडत नाही, बाई," शिष्य म्हणाला, आणि सकाळपासून धुमसणारं भांडण पेटलं.

एकदा एक वृद्धा होती, तिच्या घरी हे घडलं. वृक्षविद्या तिने कुठल्या महाविद्यालयात नव्हे, पायांनी रान तुडवत मिळवलेली. शिष्य गणित शिकून आलेला. त्याने खोऱ्यातल्या रानात चाळीस चौकटी आखल्या, प्रत्येकीतली झाडं मोजली आणि संगणकाकडून आलेख काढून घेतला. प्रत्येक चौकटीचा एक ठिपका. झाडं सारखी तर ठिपके जवळ, वेगळी तर दूर. जे पुंजके दिसतील ते रानाचे प्रकार. अहवालात ज्या प्रकाराचं नाव येईल तेवढंच रान राखलं जाणार होतं. बाकीचं खाणींना मोकळं.

पण ओढ्याकाठच्या चौकटीचा ठिपका हट्टी निघाला. तो इतका लांब जाऊन बसला, की त्याला कागदावर जागा देताना उरलेले एकोणचाळीस एका कोपऱ्यात चिणले गेले. तो वगळला की तीन पुंजके कसे स्वच्छ सुटे होत. असले ठिपके वगळायची रीतच आहे, असं शिष्याचं म्हणणं. रीत तुझ्या सोयीची, रानाच्या नव्हे, असं तिचं. शेवटी, तुम्हाला यातलं गणित कळायचं नाही, असंही तो बोलून गेला.

त्यावर ती तोडून बोलेल असं त्याला वाटलं. ती उठली आणि ट्रंकेतून एक पिवळी पडलेली यादी घेऊन आली. रानजायफळ, सुरंगी, नागकेशर, अशी बावीस झाडं. खाली जागेची खूण, दुसऱ्याच एका ओढ्याची.

"प्रत्येकाचं एकेक पान आण. मग भांडू."

तो पाय आपटत गेला. दिवस कलताना परतला तो रिकामी पिशवी घेऊन. तिथे ओढाच नाही, म्हणाला. चिऱ्याची खाण आहे, दोन माड खोल, आणि तळाशी लाल पाणी. झाड सोडा, गवताची काडी नाही. यादीच चुकली असणार.

वृद्धेने यादीची घडी घातली.

"यादी बरोबर आहे, तीस वर्षांपूर्वी असेच ठिपके मी हाताने मांडले होते, आणि चित्र सुबक दिसावं म्हणून त्यातला या ओढ्याचा ठिपका मीच खोडला."