निंबोणीच्या सभेचा सातवा ठराव

एका राज्यात, जिथे डोंगर सांजेला पाय मोकळे करून येत आणि सकाळी मुकाट्याने आपापल्या जागी उभे राहत, त्या राज्याच्या टोकाला निंबोणी नावाचा एक कसबा होता. कसबा एवढासा, पण त्याची सभा मोठी नामांकित. पाच जणांची ही सभा दर आठव्या दिवशी चावडीवर बसे. तिच्यापुढे विषय तरी कोणते येत? गटार तुंबले, बाजारातला ओटा खचला, वेशीवरचा दिवा विझतो, पाणवठ्याला शेवाळ धरले. हेच आणि एवढेच. मग नामांकित कशासाठी? तर चावडीत एक काळी शिळा होती, जुन्या राजाने दिलेली. सभेने विषय मंजूर केला, की त्याची अक्षरे शिळेवर आपोआप उमटत आणि काम त्या क्षणी होऊन जाई. गटार मंजूर, की पाणी खळखळले. दिवा मंजूर, की वात पेटली. निंबोणीकरांना त्याचे नवल वाटेनासे झाले होते, आणि तेच पुढे भोवले.

ही अक्षरे आठ दिवस ओली असत. पुढल्या सभेत मागल्या सभेचे इतिवृत्त ऐकून कायम केले, की ती वाळत. मग ती पुसायची कोणाची ताकद नव्हती. इतिवृत्त ठेवायला एक साळुंकी होती. ती लिहीत नसे, सांगे. कोण काय बोलला, कोण कितीदा खोकला, कोणाला जांभई आली, सगळे ज्याच्या त्याच्या आवाजात. त्यामुळे जेवढी सभा लांब, तेवढे तिचे सांगणे लांब. सभासदांना त्याचा भारी कंटाळा. साळुंकीने चोच उघडायचा अवकाश, गिरमाजी सोनार म्हणत, "ऐकलेले समजावे." बाकीचे माना डोलावत आणि पिंजऱ्यावर हिरवे फडके पडे. किती वर्षे हे चालले होते ते साळुंकीलाच ठाऊक, पण तिला विचारतो कोण?

सभापती होते विसाजीपंत. माणूस वाईट नव्हता हो. कोणाचे काही खाल्ले नाही, कोणावर आवाज चढवला नाही. घाई मात्र फार. एका बैठकीत बारा विषय उरकतो, याचा त्यांना कोण अभिमान! गिरमाजी विषय वाचत, विसाजीपंत "मंजूर" म्हणत, की पुढला विषय.

अशीच एक सभा बारा विषय उरकून उठली. विसाजीपंत घरी आले. घरात कोणी नव्हते. चुलीपाशी ताट झाकून ठेवलेले होते. त्यांनी ते उघडले, जेवले, हात धुतले आणि निजले.

सकाळी अंघोळीचे पाणी तापलेले नव्हते.

"अगं," त्यांनी हाक मारली. ओ आली नाही. परसात पाहिले, विहिरीवर पाहिले, शेजारी विचारले. भामाबाई कुठेच नव्हत्या. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला. कोणाची आई घरात नव्हती, कोणाचा थोरला दीर नव्हता, कोणाची महिन्याभरापूर्वी आलेली सून नव्हती. एका सांजेत निंबोणीची एकतीस माणसे नाहीशी झाली होती.

वेशीबाहेर कसब्याचा कोंडवाडा होता, मोकाट गुरे कोंडायची जागा. चार भिंती, एक फाटक. त्या सकाळी आत एकतीस शेळ्या उभ्या होत्या, साऱ्या राखेच्या रंगाच्या. फाटकाशी तिवईवर भस्मनाभ नावाचा एक मांत्रिक बसला होता. त्याने उठून नमस्कार केला.

"यावे, सभापती."

"आमची माणसे कुठे आहेत?"

"ही पाहा. पण आपली म्हणू नका. काल सांजेपर्यंत ती कोणाचीच नव्हती."

"कोणाच्या हुकमाने कोंडलीस?"

"आपल्याच. सातवा विषय वाचावा."

सगळे धापा टाकत चावडीवर गेले. शिळेवर ओली अक्षरे स्पष्ट होती: 'कोंडवाडा भस्मनाभ यांस चालवण्यास द्यावा. सूर्यास्तापर्यंत ज्या जिवाची कोणी विचारपूस करणार नाही, तो बेवारस समजून त्यांनी कोंडावा.' गिरमाजी म्हणाले, "मी वाचले हे. माझ्या तोंडाने वाचले! मला वाटले, गुराढोरांचे असेल." विसाजीपंतांना तर तेवढेही वाटल्याचे आठवेना. हा विषय आपल्यापुढे कधी आला, आपण काय म्हणालो, काही म्हणता काही आठवेना. आठवले ते झाकलेले ताट. आपण जेवलो. ती कुठे आहे, असे भिंतीलासुद्धा विचारले नाही.

त्या दिवसापासून निंबोणीत जी विचारपूस सुरू झाली, ती सांगायची सोय नाही. सूर्य कलला, की वैरी वैऱ्याच्या दारात जाऊन "आहात ना?" म्हणून विचारून येई. नवे कोणी नाहीसे झाले नाही. पण गेलेली एकतीस माणसे फाटकाआडच राहिली.

भस्मनाभ म्हणाला, "नियम साधा आहे. गुरे सोडवायला धन्याने खूण सांगावी लागते, तशी इथेही सांगावी. आपले माणूस आपल्याशी शेवटचे काय बोलले, तेवढे सांगा आणि घेऊन जा. कुलूप तीनदा उघडेल. चुकलात, तर आत जाल, आणि ती खेपही मोजली जाईल."

आधी कुबेरशेट पुढे झाला. "माझी आई म्हणाली, सुखी राहा."

"नाही. ती म्हणाली, गुडघ्याला थोडे तेल लावून देशील का," भस्मनाभ म्हणाला, आणि कुबेरशेटच्या अंगरख्यातून एक राखेच्या रंगाची शेळी बाहेर आली. मग त्या नव्या सुनेची जाऊ आली. ती म्हणाली, "ती बोलतच नाही कोणाशी. शेवटचे काय सांगू?"

"ती दिवसभर बोलत होती," भस्मनाभ म्हणाला. शेळ्या तेहतीस झाल्या. मग कोणी फाटकाकडे फिरकेना. फाटक आणखी एकदाच उघडायचे उरले होते.

विसाजीपंत आठवून आठवून थकले. पंचवीस वर्षांचा संसार, आणि बायको शेवटचे काय बोलली ते सांगता येईना! भाजीचे काही बोलली का? पाहुण्यांचे? सातव्या दिवशी ते रिकाम्या चावडीत डोके धरून बसले होते. तेव्हा हिरव्या फडक्याखालून आवाज आला, "सभापती, मला विचारावे."

त्यांनी फडके काढले. साळुंकीने उजेडात डोळे मिचकावले आणि ती म्हणाली, "उद्या आठवा दिवस. उद्या सभा झाली नाही, तर अक्षरे आपोआप वाळतील. ठराव पुसायचा असेल, तर तीन कामे करा. एक, पाचही सभासद आणा, पाचांवाचून सभा नाही. दोन, माझे इतिवृत्त पहिल्या खोकल्यापासून ऐका. मध्ये कोणी 'ऐकलेले समजावे' म्हटले, की सारे कायम झाले. तीन, ज्याने सातवा विषय मंजूर केला, त्याने तो का केला ते खरे सांगावे. शिळेला खोटे चालत नाही."

"पाचवा सभासद नागोजी कासार. तो एकटा राहतो. तोही आत आहे."

"त्याचे शेवटचे बोल चावडीतलेच आहेत. मला ठाऊक आहेत."

विसाजीपंतांनी विचारले, "आणि भामाचे?"

"तेही चावडीतलेच. ती पायरीशी आली होती." मग साळुंकीच्या चोचीतून भामाबाईंचा आवाज निघाला, हुबेहूब, जरासा दबलेला. "अहो, ऐकता का? मला हल्ली दिसेनासे झाले आहे. नदीवर धुणे घेऊन जाते. परतताना वाट चुकते हो. सांजेला मला न्यायला याल?"

विसाजीपंत पिंजऱ्याजवळ सरकले. तिला दिसत नाही? कधीपासून? "मी काय उत्तर दिले?" त्यांनी विचारले.

"ते उद्या, सभेत," साळुंकी म्हणाली.

आठव्या दिवशी सूर्य उगवताच विसाजीपंत फाटकाशी उभे राहिले. त्यांचा आवाज ऐकून कळपातून एक शेळी निघाली. खांबाला धडकली, मागे सरली, पुन्हा धडकली, आणि चाचपडत येऊन फाटकाला गाल लावून उभी राहिली. विसाजीपंतांनी तिला ओळखले. तिचे शब्द त्यांच्या ओठांवर होते. ते उच्चारले असते तर ती त्या क्षणी मोकळी झाली असती, आणि बाकीची बत्तीस माणसे जन्माची शेळ्या राहिली असती. न उच्चारावे, आणि सभेत काही चुकले, तर हीसुद्धा गेली.

"कोणाला नेणार?" भस्मनाभाने विचारले.

विसाजीपंतांनी डोळे मिटून घेतले. "नागोजी कासारास. तो म्हणाला होता: सभा संपली? इतक्यात? बसा की थोडे. घरी कोण वाट पाहते आहे माझी?"

कुलूप गळून पडले. नागोजी कपडे झाडत बाहेर आला. आपल्याला कोणी सोडवायला येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. मागे फाटक लागले. गाल लावलेली शेळी तशीच उभी होती.

सभा बसली. सारा कसबा चावडीभोवती जमला. साळुंकीने सुरुवात केली, आणि हा हा म्हणता दुपार झाली. भस्मनाभाने पहिल्यांदा सभेवर झोप सोडली. सभासदांनी एकमेकांना चिमटे काढले. मग त्याने जिलबीचा वास सोडला. सभासदांनी नाके दाबली. मग त्याने गिरमाजींच्या जिभेवर त्यांचे ते जुने दोन शब्द आणून ठेवले. पण गिरमाजी हुशार, त्यांनी सकाळपासून तोंडात दोन्ही गालांत मावतील तेवढ्या सुपाऱ्या भरून ठेवल्या होत्या. "ऐऊ... ऐऊ..." एवढेच त्यांच्या तोंडून निघाले, आणि डोळ्यांतून पाणी.

सातवा विषय आला. साळुंकीने गिरमाजींच्या आवाजात तो वाचला. तो संपतो न संपतो तोच भामाबाईंचा आवाज आला: "अहो, ऐकता का?" सगळे बोलणे आले. सांजेला मला न्यायला याल, इथपर्यंत. आणि मग, साऱ्या कसब्यासमोर, विसाजीपंतांचा स्वतःचा आवाज आला, घाईतला, प्रसन्न: "मंजूर, मंजूर! पुढला विषय."

एकच शब्द, आणि तो दोघींकडे गेला होता, शिळेकडे आणि बायकोकडे. शिळेने खरा मानला. बायकोनेही खरा मानला.

विसाजीपंत उठले. "हरकत," ते म्हणाले.

"कारण?" साळुंकीने विचारले.

"मी हा विषय ऐकून मंजूर केला नाही." शिळेवरचे एक अक्षरही हलले नाही. "तो शब्द मी बायकोला म्हणालो होतो." शिळा ढिम्म. तेव्हा विसाजीपंतांनी लोकांकडे पाहिले, आणि त्यांना रडू कोसळले. "खोटे आहे ते. मी तिलाही म्हणालो नव्हतो. मी कोणाचेच ऐकत नव्हतो. वीस वर्षे मी मंजूर म्हणतो आहे आणि वीस वर्षांत मी एकही विषय ऐकलेला नाही. घरी नाही आणि इथेही नाही."

शिळेवरून काळे पाणी वाहू लागले. सातवा ठराव पाण्याबरोबर खाली उतरला आणि गटारात गेला. कोंडवाडा त्या क्षणी रिकामा झाला. जो जिथून नेला गेला होता, तो तिथे परत उभा राहिला, आणि आपले माणूस त्या सांजेला कुठे होते हेच ठाऊक नसलेले लोक गल्लीगल्लीतून हाका मारत धावत सुटले.

भस्मनाभाने तिवई काखेत मारली. "मी नियमाबाहेर काही केले नाही," तो म्हणाला. ते खरे होते. नागोजी कासाराने मात्र विचारले, "आता कुठे जाणार तुम्ही?" भस्मनाभ थबकला. तीनशे वर्षांत त्याला हे कोणी विचारले नव्हते. त्याच्या अंगावरची राख झरझर गळून पडली, आणि खाली एक साधा, दमलेला म्हातारा निघाला. नागोजीने त्याला जेवायला नेले.

विसाजीपंत नदीवर पोहोचले तेव्हा सूर्य टेकला होता. धुण्याच्या दगडावर, गाठोडे मांडीवर घेऊन, भामाबाई बसल्या होत्या. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, धास्ती नव्हती. आठ दिवस सरले, हे त्यांना कळलेच नव्हते.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या. "सांज टळत आली, तरी मी हलले नाही. म्हटले, मंजूर म्हणालात, म्हणजे येणारच."

कोंडवाडा पाहून बसला नव्हता, शिळा वाचून बसला नव्हता, असा धक्का विसाजीपंतांना त्या एका वाक्याने बसला. त्यांनी गाठोडे स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि तिचा हात धरला.

"घर इकडे आहे ना?" भामाबाईंनी विचारले.

"आधी वैद्याकडे," ते म्हणाले. "आणि वाटेत बोलत राहा. कधीपासून दिसत नाही, ते पहिल्यापासून सांग."

निंबोणीची सभा अजून दर आठव्या दिवशी बसते. साळुंकीवर फडके पडत नाही, आणि पहिल्या खोकल्यापासून शेवटच्या जांभईपर्यंत सारे ऐकल्याखेरीज कोणी उठत नाही. विषय हल्ली तीनच होतात; गटार कधी कधी तुंबलेले राहते. अशी ही निंबोणीची गोष्ट, सांगणाऱ्याने सांगितली, ऐकणाऱ्याने ऐकली, आणि सांज व्हायच्या आत ज्याचे त्याने आपल्या घरी विचारून घ्यावे.