अक्षतांमागची नवरी

फोटो धुऊन येईपर्यंत जीव टांगणीला लागायचा, तेव्हाची गोष्ट. फोटोग्राफर इंदुमतीबाईंच्या पिशवीत दोन लेन्स होत्या. नवी आपोआप फोकस करायची, जुनीची रिंग मात्र हातानं फिरवावी लागायची.

"तुझं दुसऱ्याशिवाय चालतच नाही," नवी तिला टोमणा मारायची.

एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि नवी गोंधळली. उडणाऱ्या अक्षतांमागेच ती धावत राहिली, नवरीचा चेहरा काही तिला सापडेना. शेवटच्या मंगलाष्टकाआधी बाईंनी जुनी लावली. अंतरपाट दूर होताच त्यांनी हलकेच रिंग फिरवली आणि बटण दाबलं.

रोल धुतला. अक्षता पुसट, नवरीचे डोळे लख्ख. बाईंना हायसं वाटलं, नवीलाही.

"एवढ्या गडबडीत कुठं बघायचं, हे तुला कसं कळलं?" तिनं विचारलं.

"मला कुठं कळलं? बाईंना कळलं," जुनी म्हणाली. "मी त्यांच्या हाताचं ऐकलं."