एडक्याचा भंडारा

"समद्यांच्या डोक्यावर हात ठेवता, बाबा. माझ्याच का न्हाई?"

देवळाचे पुजारी धुळाबाबा बिरोबाच्या देवळामागं वाघूर ताणत होते. मेंढरं कोंडायचं ते जाळं. त्यांनी एक खुंटी ठोकली. मग दुसरी.

"आधी एडक्याचं बोल," ते म्हणाले.

देवळाची मेंढरं राखणारा हैबती गप्प झाला. बाकी कुठं गप्प बसणारा गडी नव्हता तो. गळा पल्लेदार, आणि जीभ त्याहून. मागच्या जत्रेत ओव्या गाणाऱ्या म्हाताऱ्या सोमाण्णाला ओवीतून असा सवाल घातला, की म्हातारा भर मांडवात रडला. आणि हा शहाणा ते गावभर सांगत फिरला!

पण एडक्याचं काय बोलणार?

देवळाची मेंढरं मूठभर. त्यातल्या तीन गाभण. सकाळी वैरणीला गर्दी झाली, तेव्हा भुंग्या एडक्यानं एकीच्या कुशीत टक्कर दिली. दुपारी ती गाभडली. मेलेलं कोकरू हैबतीनंच पुरलं.

"पंच काय म्हणत्यात?" बाबांनी विचारलं.

"एडका खाटकाला द्या म्हणत्यात." हैबती बाबांसमोर उकिडवा बसला. "बाबा, आई मेलेलं पिल्लू हुतं त्ये. मी बाटलीनं वाढवलंय."

"मग?"

"एकटा बांधतो त्याला. लांब."

"बांध की."

बांधला. भुंग्यानं दिवसभर ओरडून माळ डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी खुंटा उपटून थेट मेंढ्यांत घुसला. बाबा मध्ये आले, म्हणून निभावलं. टक्कर त्यांच्या मांडीवर बसली.

हैबतीनं काठी उचलली. राग एडक्याचा की स्वतःचा, देव जाणे.

"टाक ती," बाबा मांडी चोळत म्हणाले. "रोज सकाळी त्याला काय करतोस, ते कर."

"काय करतो? भंडारा लावतो. देवाचा."

"लाव."

हैबतीनं हळदीचा चिमूटभर भंडारा घेतला. तळवा एडक्याच्या कपाळावर दाबला. एडक्यानं रेटा दिला. हैबतीनं उलटा रेटा दिला, आणि तेवढ्यातही त्याला हसू फुटलं.

"बघा की जोर! माझंच लेकरू!"

भुंग्या चार पावलं मागं सरला.

बाबांनी हैबतीला दंडाला धरून ओढलं. एडका धावून आला, त्याचं डोकं हैबतीच्या मागच्या खांबावर आदळलं. खांब हलला.

"कधीपासून लावतोस असा?"

"पिल्लू हुता तवापासनं. आशीर्वाद म्हणून."

"तुला आशीर्वाद वाटला," बाबा म्हणाले. "त्याला काय वाटलं?"

हैबती उघड्या तळव्याकडं बघत राहिला. तळवा पिवळा होता...

बाबा एडक्याच्या बाजूला जाऊन बसले. समोर नाही, बाजूला. भंडारा बोटावर घेतला आणि त्याच्या हनुवटीखाली चोळू लागले. भुंग्यानं हळूहळू मान वर केली. डोळे मिटले.

"मान वर असली की टक्कर देता येत न्हाई," बाबा म्हणाले.

त्या दिवशी वाघुरीचे दोन भाग झाले. पलीकडं गाभण मेंढ्या, अलीकडं भुंग्या, आणि त्याच्या सोबतीला एक म्हातारा खच्ची मेंढा. वैरण दोन्हीकडं वेगळी. एडक्याला मेंढ्या दिसायच्या, पण पोचता यायचं नाही. ओरडणं थांबलं.

पंच आले.

"व्याल्या की बघू," बाबांनी सांगितलं. पंच कुरकुरत गेले.

हैबतीचं काम एकच. रोज सकाळी हनुवटीखाली बोट. कपाळाला हात नाही. सवयीनं हात वर जायचा, आणि तो मुकाट्यानं खाली आणायचा. जड गेलं त्याला. एडका दोनदा मागं सरला. तिसऱ्यांदा मात्र त्यानं आपणहून मान वर केली. त्या दिवशी हैबतीला जेवण गोड लागलं.

पहिली मेंढी व्याली. मग दुसरी. दोन्ही कोकरं धडधाकट!

त्यातलं एक धडपडत वाघुरीपाशी गेलं आणि जाळ्यातून त्यानं नाक पलीकडं घातलं. भुंग्यानं डोकं खाली केलं. हैबतीनं वाघुरीला हात घातला.

एडक्यानं कोकराचं नाक हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि चरायला लागला.

हैबती ढसाढसा रडला. कुणी बघतंय का, हेही पाहिलं नाही.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "बाबा... कोकरांची ओवी सोमाण्णांनी म्हणावी. मी मागं उभा राहून नुसती झील धरतो. त्यांच्या पाया पडून बोलवून आणू का?"

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं.

"जा. आण."

हैबती उठला नाही. त्यानं डोकं वाकवलं आणि वाट बघत बसला.

बाबांनी भंडारा घेतला. हात पुढं आला... डोक्याला लागलाच नाही. हनुवटीखाली आला, आणि त्यानं हैबतीची मान वर केली.

"एडक्याला इथं लावत्यात, लेका."