पोपटाने न आणलेला निरोप

फार फार वर्षांपूर्वी, माणसांचे निरोप पोपट नेत-आणत असत त्या काळातली ही गोष्ट. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक माळी आणि माळीण राहत. त्यांची डाळिंबाची बाग होती आणि एकुलती एक लेक होती. लेक लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली. तेव्हापासून माळी दर पौर्णिमेला तिच्याकडे पोपट पाठवी. या पोपटाची मोठी ख्याती होती. ऐकलेलं तो जसंच्या तसं आणून देई, कानामात्रेचाही फरक नाही. मजुरी म्हणून त्याला एक पिकलं डाळिंब मिळे.

दर वेळी पोपट लेकीच्याच आवाजात सांगे, “मी सुखात आहे. काळजी करू नका.”

माळी खूश होऊन बागेत जाई. माळणीचं मात्र कशातच चित्त लागत नसे. दूध उतू जाई. विहिरीवरून ती रिकामीच घागर घेऊन परत येई.

“अहो, माझा जीव नुसता वरखाली होतोय. एकदा जाऊन येऊ या ना.”

“अगं, पोरगी स्वतःच्या तोंडानं सांगतेय. आणि ही फळं कोण उतरवणार?”

फळं उतरवायचेच दिवस होते, हे खरं. तरी मला या माळ्याचा राग येतो.

अखेर एका पौर्णिमेला पोपट आला, तेव्हा डाळिंब हातात धरूनच माळणीनं विचारलं, “हे बोलताना ती कुणाकडे बघत होती?”

पोपट गोंधळला. “आधी सासूकडे. मग माझ्याकडे. पण ते आणायला कुणी सांगितलं नव्हतं.”

“आता मी सांगते. आणखी काय पाहिलंस?”

“विशेष काही नाही. मी निघालो तेव्हा तिनं हात वर केला, तशा बांगड्या थेट कोपरापर्यंत घसरल्या. छान वाजल्या हो!”

माळणीला आठवलं. लग्नात कासारानं त्याच बांगड्या तेल लावून, हात दाबून दाबून चढवल्या होत्या. मनगटावरून त्या हलत नव्हत्या.

“आणि?”

“आणि पोरगी मोठी टापटिपीची. माझ्या चोचीतून डाळ सांडली होती. मी छपरावर जाऊन बसलो, तर तिनं इकडं तिकडं बघत दाणा न दाणा वेचला.”

“वेचून कुठं टाकला?”



“तोंडात,” पोपट म्हणाला.

माळी दारातच उभा होता. त्याच्या हातातली पाटी खाली पडली, डाळिंबं अंगणभर झाली. ती तशीच टाकून दोघं डोंगर चढू लागली.

लेक जात्यावर बसली होती. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सासू लगबगीनं पुढं आली. “विचारा की तिलाच, काही कमी आहे का!”

माळी विचारायला निघाला होता. माळणीनं त्याला थांबवलं आणि लेकीचा हात हातात घेतला. लेकीनं आईचा हात असा घट्ट धरला, की मग कुणी काही विचारलं नाही. दोघं तिला घेऊन निघाली.

त्या वर्षी निम्मी फळं झाडावरच सडून गेली. माळ्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला टोचत होती ती एकच गोष्ट, आणि लेकीला घेऊन परतताना वाटेतच त्यानं ती बोलून दाखवली होती.

“बाळ, एकदा तरी सांगायचंस ना गं!”

“बाबा, दर वेळी हात वर करून सांगत होते,” लेक म्हणाली. “बघायला तुम्ही आला नाहीत.”



म्हणून गोष्ट ऐकणाऱ्यांनी एवढं मनात ठेवावं: आपलं माणूस ‘मी सुखात आहे’ म्हणालं, तरी त्याच्याकडे एकदा नीट बघून घ्यावं.